बेरशेवात आहे काय?

(आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाने मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी पडले नर्स. इंजेक्शन द्यायला सांगा, देते. भाषण मला कुठले जमणार? पण सेक्रेटरी साहेब ऐकायला तयार नव्हते. त्यांनी विषयही देऊन टाकला, "आपले शहर".

विषय मी घेतला त्याला एक कारण घडले. पेसाखच्या सणाला मुंबईहून माझी मावसबहीण आली होती. यरुशलेम झाले, हैफा झाले, तिबेरिया झाले. शेवटचे दोन दिवस माझ्याकडे. जेवताना ती सहज म्हणाली, "तुझ्या या बेरशेवात पाहण्यासारखे आहे काय गं?" मी तोंडातला घास गिळून उत्तर देणार, तेवढ्यात माझी मुलगीच बोलली, "काही नाही मावशी. म्हणून तर आम्ही इथून निघालो." सगळे हसले. मीही हसले. पण रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आयुष्याची चाळीस वर्षे या गावात गेली, मुलगी याच गावात जन्मली, आणि आहे काय विचारले तर काही नाही! ते उत्तर माझ्या पोटात राहून गेले होते, ते आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात विहिरीपासून करावी लागते. आपल्या जुन्या मराठी बायबलात या गावाचे नाव बैर-शेबा असे छापले आहे. बेर म्हणजे विहीर. शेवा म्हणजे सात, आणि श्वुआ म्हणजे शपथ. उत्पत्तीच्या २१व्या अध्यायात आब्राहाम अवीनू आणि अबीमलेख राजा यांचा विहिरीवरून तंटा होतो. आब्राहाम त्याला सात मेंढ्या वेगळ्या काढून देतात, ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून, आणि दोघे शपथ घेतात. म्हणजे या गावाबद्दल तोरात पहिली गोष्ट येते ती पाण्याच्या भांडणाची आणि ते मिटवल्याची. येथे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात आषाढातल्या एका आठवड्यात तेवढा पडून जातो. आमच्या आजीला हे पटत नसे. ती म्हणे, मग माणसे तिथे राहतातच कशाला?

शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरवर ज्याला तेल म्हणतात ते टेकाड आहे. प्रोफेसर योहानान आहारोनी यांनी १९६९ पासून तेथे खोदकाम केले. राजांच्या काळातले तटबंदीचे गाव त्यांना सापडले. गोल आखलेला रस्ता, धान्याची कोठारे, वेशीबाहेर खोल विहीर, आणि वेढा पडला तर आतल्या माणसांना पाणी मिळावे म्हणून खडकात उतरणारा जिना व त्याखाली पाण्याची टाकी. शिंगे असलेल्या वेदीचे दगड तेथे एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले मिळाले. कोणीतरी ती वेदी मोडून दगड भिंतीला वापरले होते. खरी वेदी यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे, तेलवर तिची प्रतिकृती ठेवली आहे. २००५ साली युनेस्कोने हे ठिकाण मगिद्दो आणि हासोर यांच्याबरोबर जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आणि आपल्या घरातली निम्मी मुले तेथे शाळेच्या सहलीनंतर पुन्हा गेलेली नाहीत.

पण आब्राहामचे बेरशेवा ते आणि आपण भाजी आणायला जातो ते बेरशेवा, यांत मोठी पोकळी आहे. मधली कित्येक शतके येथे गाव असे नव्हतेच. विहिरी होत्या, बेदुईन येत, जनावरांना पाणी पाजत आणि निघून जात. आजचे शहर तुर्कांनी १९०० साली वसवले. बेदुईन टोळ्यांवर कारभार करायला त्यांना एक ठाणे हवे होते. रस्ते सरळ एकमेकांना काटकोनात आखले, सरकारी कचेरी बांधली, १९०६ साली मशीद बांधली. आज त्या इमारतीत इस्लामी व पूर्वेकडील संस्कृतींचे संग्रहालय आहे. मशीद म्हटले की मला आमची आजी आठवते. ती सिनेगॉगला मशीदच म्हणायची. मुंबईतले १७९६ सालचे शाआर हाराहामीम आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी "जुनी मशीद" होते, हे तुम्हां थोरांना सांगायला नको. येथल्या तरुणांना मात्र सांगावे लागते, नाहीतर ते घाबरतात.

१९१५ साली तुर्कांची रेल्वे येथे पोचली. पहिल्या महायुद्धात ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी संध्याकाळ व्हायच्या सुमाराला ऑस्ट्रेलियाच्या घोडदळाने बेरशेवावर धडक मारली. सुमारे ८०० घोडेस्वार होते, त्यांतले ३१ पडले. एवढी घाई कशासाठी? पुन्हा विहिरींसाठीच. घोडे तहानलेले होते आणि विहिरी शत्रूने उडवून देण्याआधी हाती यायला हव्या होत्या. त्या बहुतेक वाचल्या. त्या लढायांतल्या मृतांची दफनभूमी जुन्या शहराजवळ आहे, १२०० हून अधिक कबरी, एकसारखे दगड, मध्ये हिरवळ. दुपारची ड्यूटी संपली की मी कधी कधी तेथे जाऊन बसत असे. दगडांवरची वये वाचवत नाहीत. एकोणीस, बावीस, वीस.

२१ ऑक्टोबर १९४८ रोजी इस्राएलच्या सैन्याने गाव घेतले. येथली अरब वस्ती राहिली नाही. बरेच लोक आधीच पळाले, उरलेल्यांना गाझाच्या दिशेने पाठवले. हे आपल्या वर्धापनदिनी सांगायचे का, असे मला एकाने विचारले. सांगायचे. जुन्या शहरातली दगडी घरे कोणाची, हे नातवंडे विचारतात तेव्हा खरे सांगता आले पाहिजे.

मग आले ते सगळे दुसरीकडून आणलेले लोक. रुमानियाचे, मोरोक्कोचे, इराकचे, आणि आपले. बहुतेकांनी बेरशेवा निवडले नव्हते. रात्री ट्रकमधून उतरवले आणि सांगितले, हे तुमचे घर. सकाळी पाहिले तर वाळू. माआबारांत तंबू आणि पत्र्याच्या खोल्या. नंतर वस्त्या बांधल्या, त्यांना नावे द्यायलाही कोणाला सवड नव्हती, म्हणून अक्षरे दिली. शेखुना आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे. पत्ता सांगताना मुळाक्षरे म्हणावी लागतात असे शहर दुसरे क्वचितच असेल. उल्पानला जायच्या आधीच आपल्या बायका बसमध्ये अर्धी बाराखडी शिकल्या!

आपल्या लोकांची पहिली वर्षे सोपी नव्हती. काम मिळे ते मोलाचे, घर मिळे ते शेवटचे, पाव देतानाही रंग पाहतात अशी तक्रार होती. १९५१-५२ साली काही बेने इस्राएल कुटुंबांनी, त्यांत बेरशेवातलीही होती, तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढे धरणे धरले. आम्हांला मुंबईला परत पाठवा, एवढीच मागणी. गांधीजींच्या देशातून आलेली माणसे, त्यांना दुसरा मार्ग कुठला माहीत असणार? शंभराहून अधिक लोक खरेच परत गेले, आणि पुढे त्यांतले बहुतेक पुन्हा आले. त्यानंतर लग्नाच्या वेळी आमच्या यहुदीपणाबद्दल शंका काढल्या गेल्या, तेव्हा पुन्हा धरणे झाले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. हा इतिहास आपण मुलांना कमी सांगतो. गाऱ्हाणे म्हणून नव्हे, पण राहणे हे सुद्धा एक काम असते, आणि आपल्या वडिलांनी ते केले.

शहराला अन्न मिळाले ते वाळवंटाच्या पोटातून. मृत समुद्राचे पोटॅश, नेगेवचे फॉस्फेट, ब्रोमीन. १९५२ साली येथे माख्तेशिम हा कीटकनाशकांचा कारखाना सुरू झाला. पुढे रसायनांचे कारखाने शहरापासून सुमारे १२ किलोमीटर दक्षिणेला रमत होवावला गेले. १९५५ साली यार्कोन नदीचे पाणी नळातून नेगेवला आले आणि १९६४ साली किन्नेरेतचे. त्या नळांशिवाय ना कारखाना चालला असता, ना आपल्या दारची तुळस जगली असती. आपले बरेच लोक दिमोनालाही गेले, तेथल्या किताण गिरणीत मुंबईच्या गिरण्यांसारखाच तिन्ही पाळ्यांचा हिशेब होता. ती गिरणीही आता नाही. एका कारखान्यावर पोट ठेवणाऱ्या गावांचे काय होते ते आपण परळ-लालबागला पाहिले आहे आणि येथेही पाहिले.

बेरशेवाचे तसे झाले नाही, याचे श्रेय मी इस्पितळाला देते. तुम्ही म्हणाल नर्सबाई आपल्याच अंगणात आल्या. आले! १९५० च्या दशकात जुन्या शहरातल्या तुर्की इमारतीत हदास्साचे छोटेसे इस्पितळ होते, आणि नेगेव म्हणजे देशाची निम्म्याहून अधिक जमीन. मोठे इस्पितळ हवे, हे कुपत खोलिमच्या मोशे सोरोका यांनी आणि पहिले महापौर दाविद तुवियाहू यांनी धरून ठेवले. पैशांची मोठी मदत कोणी केली ठाऊक आहे? अमेरिकेतल्या, बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनने. शिवणयंत्रावर बसलेल्या बायकांच्या वर्गणीतून आपल्या इस्पितळाच्या भिंती उभ्या राहिल्या. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडले आणि पुढे त्याला सोरोकांचे नाव दिले. आज तेथे हजाराहून अधिक खाटा आहेत आणि दहा लाखांवर माणसांचा भार त्याच्यावर आहे.

मी मुंबईहून नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन १९८४ साली आले. हिब्रू शिकून परीक्षा दिली आणि बाळंतिणींच्या वॉर्डात लागले. येथे वर्षाला पंधरा हजारांहून अधिक बाळे जन्मतात, देशातल्या सर्वांत गजबजलेल्या प्रसूतिगृहांपैकी हे एक आहे. जवळपास निम्म्या बाळंतिणी बेदुईन. एका खाटेवर रशियन मुलगी, दुसरीवर रहातची बेदुईन सून, तिसरीवर मोरोक्कन आजीची नात, आणि त्यांच्यामध्ये मी, कोकणातली. पहिल्या वर्षी एका बेदुईन सासूने माझ्या हाताकडे पाहून अरबीत काही विचारले. मला वाटले रागावली. दुसऱ्या नर्सने सांगितले, ती विचारते आहे की तुझ्या बांगड्या कुठल्या? भाषा येत नसताना आम्ही दोघी पंधरा मिनिटे बांगड्यांवर बोललो आणि सून निजून गेली. शहर वाढते म्हणजे काय हे मला कोणी नकाशावर दाखवू नये. मी ते पाळण्यांत मोजले आहे. नाईट ड्यूटीला पाळणे कमी पडत, तेव्हा कळे की गाव पुढे चालले आहे.

विद्यापीठ १९६९ साली सुरू झाले, १९७३ साली बेन गुरियन वारल्यावर त्याला त्यांचे नाव मिळाले. आज सुमारे २० हजार विद्यार्थी आहेत. मला त्यातले वैद्यकीय महाविद्यालय विशेष वाटते, ते १९७४ चे. तेथे मुले डॉक्टरची शपथ शेवटी नव्हे तर शिक्षणाच्या आरंभीच घेतात. प्रोफेसर मोशे प्रिवेस यांचा आग्रह असा की डॉक्टर पुस्तकाआधी माणसापाशी गेला पाहिजे. पहिल्याच वर्षी ती मुले वॉर्डात येत, आणि खाटेची चादर कशी बदलायची ते आम्ही त्यांना दाखवत असू. काही जण आता विभागप्रमुख आहेत. चादर मात्र विसरले असतील.

१९६१ साली येथे सुमारे ४३ हजार लोक होते, १९८३ साली सुमारे १ लाख १० हजार. मग १९९० नंतर रशियन आले, १९९१ साली इथिओपियाचे मोठे विमानोड्डाण झाले, आणि शहर फुगले. आज लोकसंख्या २ लाखांवर आहे. रशियनांबरोबर बुद्धिबळ वाढले असे म्हणतात, पण एलियाहू लेवान्त यांनी येथला बुद्धिबळ क्लब त्याआधीच, १९७३ साली काढला होता. एवढ्याशा शहरात इतके ग्रँडमास्टर झाले की २००५ साली सांघिक जागतिक स्पर्धा येथे भरली. आणि फुटबॉल! हापोएल बेरशेवा १९७५ आणि १९७६ साली देशात पहिली आली, मग चाळीस वर्षे वाट पाहायला लावून २०१६, २०१७ आणि २०१८ साली सलग तीनदा. २०१६ च्या त्या रात्री माझे यजमान, जे शब्बाथलाही आवाज चढवत नाहीत, गच्चीवर उभे राहून ओरडत होते.

आता ज्याचा सगळीकडे गाजावाजा आहे ते सांगते. २००० साली विद्यापीठाशेजारी उत्तर स्टेशन उघडले. २०१३ साली त्याच्या पलीकडे हायटेकचे उद्यान उघडले, काचेच्या इमारती, संगणक सुरक्षेच्या कंपन्या, जर्मनीच्या आणि अमेरिकेच्या मोठ्या नावांच्या पाट्या. सैन्याचा संगणक विभागही शेजारी आणायचे ठरले. सगळे चांगले आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण संध्याकाळी पाच वाजता त्या स्टेशनच्या पुलावर उभे राहून पाहा. गाडी तेल अवीवला तासाभरात पोचते, आणि पाठीवर पिशव्या लावलेली तरुण मुले रांगेने गाडीत चढतात. पगार येथे मिळतो, भाजी तेथे घेतात. माझा जावई त्यांतलाच आहे, म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे. बेदुईन मेंढ्यांना पाणी पाजून जात, तसे हे आता संगणकाला पाजून जातात. विद्यापीठातून शिकलेले डॉक्टरही तसेच. दक्षिणेत लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर आणि नर्स मध्य भागापेक्षा कमी आहेत, आणि दुसऱ्या इस्पितळाची मागणी करता करता माझ्या बरोबरीच्या नर्स निवृत्त झाल्या.

या इस्पितळावर किती भार आहे ते ७ ऑक्टोबर २०२३ ला सगळ्या देशाला कळले. सिमखात तोराचा दिवस होता. एका दिवसात साडेसहाशेहून अधिक जखमी सोरोकात आणले गेले. मी तेव्हा निवृत्त होते. सायरन चालू असताना मी आणि आणखी दोन निवृत्त बायका चालत गेलो. कोणी बोलावले नव्हते, कोणी का आलात असेही विचारले नाही, एकीने फक्त हातमोजे पुढे केले. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त मी आज बोलत नाही. नंतर १९ जून २०२५ ला इराणचे क्षेपणास्त्र इस्पितळाच्या जुन्या शस्त्रक्रिया इमारतीवर पडले. तिचे वरचे मजले आदल्याच दिवशी रिकामे केले होते, म्हणून जीव वाचले. पाच दिवसांनी, २४ तारखेला सकाळी, शहरातल्या एका राहत्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडून चार माणसे गेली. त्यांच्यासाठी आपण येथे कद्दिश म्हटला.

तर मावसबहिणीला काय दाखवायचे? मी यादी केली आहे, घाई नको. पहाटे तेल. मग जुन्या शहरात आब्राहामची विहीर म्हणून दाखवतात ती विहीर आणि तिचे केंद्र, तेथून तुर्की स्टेशन, पाण्याची टाकी आणि वाफेचे इंजिन. गुरुवार असेल तर बेदुईन बाजार, पण भाव अर्धा करून मागा. पूर्वी जेथे कचरा आणि सांडपाणी वाहत असे त्या ओढ्याच्या काठी आता बाग केली आहे, तेथे संध्याकाळी फिरायला जावे. मुलांना कारासो विज्ञान उद्यान आणि हात्सेरिमचे विमान संग्रहालय. शेवटी शहराबाहेरच्या टेकडीवर दानी कारावान यांनी केलेले नेगेव ब्रिगेडचे स्मारक. नुसते सिमेंट आहे, पण त्यातल्या भोकांतून वारा शिरला की आवाज येतो. तेथून सगळे शहर दिसते, आणि मध्ये इस्पितळ.

मुलगी म्हणाली काही नाही, तिच्यावर मी रागावले नाही. तिचे बोलणे पाहण्याच्या जागांबद्दल नव्हतेच. तिला म्हणायचे होते, आमच्यासाठी तेथे कोणी नाही. हे मात्र मला खोडता येत नाही. शब्बाथच्या सकाळी मी वरच्या बायकांच्या गॅलरीतून खाली मोजते. सवयच आहे, पाळणे मोजायची. पूर्वी उभे राहायला जागा नसे, दारफाळणीच्या सणाला तरुण मुले बाहेर ओट्यावर बसत. आता कधी कधी नऊ होतात आणि दहावा येईपर्यंत हझन साहेब पाने चाळत बसतात. दहावा म्हणून हल्ली शेजारचा एक इथिओपियन विद्यार्थी येतो. त्याला आपली चाल पाठ झाली आहे, आणि मलिद्याच्या ताटातले पोहे त्याला फार आवडतात. दोन लाख माणसांचे शहर, वर्षाला पंधरा हजार पाळणे, आणि आपल्याला दहावा मिळत नाही. मंडळाने पुढच्या वर्षाच्या कामात हे पहिले धरावे, झुंबराच्या दुरुस्तीच्याही आधी. विद्यापीठात आपली काही नातवंडे शिकायला येतात आणि शेखुना दालेतमध्ये खोली घेऊन राहतात. त्यांचे पत्ते गोळा करा, शुक्रवारी जेवायला बोलवा. पुरणपोळी मी करते, कोणी नारळाची आमटी करावी.

आता एक सूचना, मग मी बसते. पुढच्या महिन्यात महिला मंडळाची सहल तेलवर जाणार आहे. बस सिनेगॉगच्या दारातून सकाळी साडेसातला निघेल, साडेसात म्हणजे साडेसात. डोक्याला टोपी आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी आणावे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी गोळी घेऊनच निघावे. खडकातला जिना उतरताना तेथे हेल्मेट देतात, ते केस बिघडतात म्हणून नाकारू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी माझ्याबरोबर वर विहिरीपाशी थांबावे, मी डबा आणणार आहे. आणि नातवंडांना आणा. माझी मुलगी येते म्हणाली आहे, जावयाने सुट्टी टाकली आहे.